नाकावाटे गेलेलें पाणी

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत आम्ही कांहीं दिवस कडेगांवीं राहिलों होतों. गांव आमचें पिढीजाद. आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. पण आमच्या आजोबांच्या कागदांवर जिल्हा सातारा असाच आहे. १९४९ सालीं साताऱ्याचे दोन तुकडे होऊन दक्षिण सातारा निघाला, आणि १९६० त त्याला सांगली हें नांव मिळालें. मोहरमांतील गगनचुंबी ताबुतांमुळें हें गांव परमुलखाला ठाऊक आहे. गांवच्या लोकांना मात्र तें पाण्याच्या ओढीमुळें अधिक ठाऊक. आमचे चुलतबंधु तेथेंच शेती पाहतात. एके दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं वहिनी वर्तमानपत्राचें पान हातांत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही शिकलेले. केरळांत विहिरीच्या पाण्यानं माणसाच्या मेंदूंत किडा शिरतो, असं छापलंय. येत्या उन्हाळ्यांत नातवाला पोहायला शिकवायचं ठरलंय. त्याला विहिरींत सोडूं का नको, तेवढं सांगा.”

आम्ही इतिहासाचे प्राध्यापक. वैद्यकाशीं आमचा संबंध रोग्यापुरताच. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढें म्हणून सुटका करून घेतां आली असती. पण ज्या विहिरीविषयीं वहिनी विचारीत होत्या, तिचें आमच्याकडे एक जुनें येणें आहे, आणि तें त्रेचाळीस वर्षें फिटलेलें नाहीं.

१९८२ सालचा मे महिना होता. आमच्या बरोबरीचा एक मुलगा आणि आम्ही रोज दुपारीं त्या विहिरीवर जात असूं. (त्याचें घर अजून गांवांत नांदतें आहे, म्हणून नांव देत नाहीं.) मोट जाऊन पंप आला होता, तरी मोटेचें थारोळें शाबूत होतें. पाठीला रिकामा डबा बांधून आम्ही पोहावयास शिकलों. डबा सुटल्यावर सूर मारणें, मुटका मारणें, तळाची माती मुठींत घेऊन वर येणें हे आमचे पराक्रम. त्या वर्षीं पाणी फार आटलें होतें. जेमतेम पुरुषभर उरलें होतें, आणि दुपारच्या उन्हानें त्याचा वरचा थर कोमट होई. तळ ढवळला जाऊन तें गढूळ झालें तरी आम्हीं कधीं पर्वा केली नाहीं. नाकांत पाणी शिरून कपाळांत झिणझिणी उठली, कीं मोठ्यानें हंसावयाचें, अशी रीत होती. महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळीं त्याचें डोकें दुखूं लागलें. दुसऱ्या दिवशीं ताप व ओकाऱ्या. तिसऱ्या दिवशीं मान ताठ. चवथ्या दिवशीं तो आईला ओळखीना. जवळच्या मोठ्या गांवीं एका दवाखान्यांत त्याला नेलें, आणि सहाव्या दिवशीं तो तेथें गेला. कागदावर ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द होता. गांवानें आपलें निदान निराळें केलें: भर दुपारीं पाण्यांत उतरला, आसरांनीं ओढून नेला. त्याच्या आईनें पुढें कित्येक वर्षें त्या विहिरीच्या कांठीं हळदकुंकू, हिरव्या बांगड्या आणि खण वाहिला.

आमचा मित्र अमीबानें गेला, असें आम्ही म्हणत नाहीं. मेंदूच्या आवरणास सूज आणणारीं कारणें अनेक आहेत. साधे जंतु आहेत, क्षय आहे, नाना प्रकारचे विषाणू आहेत. लक्षणांच्या आठवणीवरून त्रेचाळीस वर्षांनंतर निदान करणें ही इतिहासाची रीत नव्हे. त्याचप्रमाणें, ‘सातीआसरा म्हणजे आमच्या पूर्वजांना ठाऊक असलेला अमीबाच होय’, असें म्हणणारे विद्वान् आतां निघतील, त्यांच्याही पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. पाण्याचें भय माणसाला फार जुनें आहे. विहिरींत माणसें मुख्यतः बुडून मरतात, आणि त्या भयाला सात बहिणींचें रूप देण्यास सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती. आमची तक्रार वेगळीच आहे. त्या कागदावर एकच शब्द होता, आणि त्या शब्दाच्या मागें पाहण्यासारखें कोणीं कांहीं राखून ठेविलेलें नव्हतें. या रोगाचा इतिहास जों जों आम्ही वाचीत गेलों, तों तों ही एकच गोष्ट पुनः पुनः समोर येत गेली.

अमीबा कोणाला ठाऊक नाहीं? शाळेंतील जीवशास्त्राच्या वहींत आपण सर्वांनीं त्याचें चित्र काढलेलें आहे. वेडावांकडा आकार, मध्यें केंद्रक, एका बाजूला पुढें आलेला खोटा पाय. इतकें निरुपद्रवी चित्र दुसरें नसेल. माणसाच्या दृष्टीस तो पडला त्यालाही बराच काळ लोटला. न्यूरेंबर्गच्या रोझेल फॉन रोझेनहॉफ यानें १७५५ सालीं या रूप पालटणाऱ्या जीवाचें चित्र प्रसिद्ध केलें. पुढें १८७५ त सेंट पीटर्सबर्ग येथें ल्यॉश या वैद्याला आमांशाच्या रोग्याच्या मळांत अमीबा सांपडला, आणि या जीवाची एक जात माणसाच्या आंतड्यांत घर करून राहते, हें कळलें. या जातीचा हिंदुस्थानाशीं संबंध फार जवळचा; कलकत्त्यास लेनर्ड रॉजर्स यांनीं १९१२ त तिच्यावर एमेटीन टोंचण्याचा उपाय रूढ केला. येथपासून शास्त्रज्ञांनीं मनाशीं दोन कप्पे केले. एका कप्प्यांत आंतड्यांतला दुष्ट अमीबा, जो माणसावांचून जगूं शकत नाहीं. दुसऱ्यांत मातींत, डबक्यांत, ओल्या भिंतीवर राहणारा स्वतंत्र अमीबा, जो जंतु खाऊन पोट भरतो आणि ज्याला माणसाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. हे कप्पे इतके पक्के झाले, कीं पन्नासांवर वर्षें ते कोणीं उघडून पाहिले नाहींत.

दुसऱ्या कप्प्यांतील जीव तसा फार चमत्कारिक होता. शार्डिंगर या ऑस्ट्रियन संशोधकानें १८९९ त असा एक अमीबा वर्णिला, जो स्वच्छ पाण्यांत टाकला कीं थोड्याच वेळांत अंग आंखडून दोन शेपट्या फोडतो आणि सरसर पोहूं लागतो. अन्न मिळालें कीं शेपट्या टाकून पुनः सरपटतो. आणि दिवस वाईट आले तर कवचांत शिरून पडून राहतो. या कुळाला पुढें नेग्लर या संशोधकावरून नेग्लेरिया हें नांव मिळालें. जर्मनींत, इंग्लंडांत, रशियांत प्राणिशास्त्रज्ञ त्याच्या केंद्रकाच्या विभागणीवर मोठमोठे निबंध लिहीत होते; तो माणसाचा जीव घेईल ही शंका कोणाच्या स्वप्नांतही नव्हती.

शंका आली ती अपघातानें. १९५८ च्या सुमारास अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें क्लाइड कल्बर्टसन आणि त्यांचे सहकारी पोलिओच्या लशीसाठीं माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवीत होते. एका भांड्यांतील पेशी नासल्या. विषाणू शिरला असावा असें समजून तें द्रव्य उंदरांना टोंचलें, तेव्हां उंदीर मेले; आणि त्यांचे मेंदू उघडून पाहतां आंत अमीबा निघाला. तो आंतड्यांतला नव्हता. धुळींतून, हवेंतून आलेला, अकॅन्थमीबा नांवाचा स्वतंत्र जातीचा होता. पुढें कल्बर्टसन यांनीं उंदरांच्या नुसत्या नाकांत त्याचे थेंब घातले, तरीही तो मेंदूंत पोंचला. असें कांहीं माणसांतही घडत असावें, हा त्यांचा कयास होता. बहुतेकांनीं तो कुतूहल म्हणून वाचून बाजूला ठेविला.

त्याचें प्रत्यंतर दक्षिण ऑस्ट्रेलियांत आलें. अॅडिलेड येथील मुलांच्या रुग्णालयांतील विकृतिशास्त्रज्ञ माल्कम फाउलर आणि त्यांचे सहकारी रॉडनी कार्टर यांनीं सप्टेंबर १९६५ मध्यें ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें चार मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली. धडधाकट प्रकृति, एकाएकीं डोकेदुखी, ताप, ताठ मान, आणि थोड्याच दिवसांत अंत. मणक्यांतून काढलेलें पाणी पुवासारखें, पण त्यांत नेहमींचे जंतु औषधालाही नाहींत. मेंदूच्या पुढच्या, नाकाजवळच्या भागांत मात्र अमीबांची दाटी. प्रथम त्यांनाही तो कल्बर्टसन यांचाच अमीबा वाटला. तो नेग्लेरिया आहे हें नंतर ठरलें, आणि १९७० त कार्टर यांनीं त्याला आपल्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याचें नांव देऊन नेग्लेरिया फाउलेरी असें म्हटलें.

वाट कशी, तीही कळली. आपल्या नाकाच्या छतावर चाळणीसारखें एक पातळ हाड असतें. त्याच्या छिद्रांतून वासाचे मज्जातंतु मेंदूकडे जातात. पाण्याबरोबर अमीबा नाकांत जोरानें शिरला, तर त्याच तंतूंचा जिना करून तो वर चढतो. तेंच पाणी प्यालें तर कांहीं होत नाहीं. एका माणसापासून दुसऱ्याला हा रोग होत नाहीं. आणि या जीवाला ऊन प्रिय आहे. ४६ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यांत तो वाढतो, जेथें इतर बरेच जीव हात टेकतात.

त्या ऑस्ट्रेलियन हकीकतींत एक गोष्ट आमच्या भागाच्या माणसानें थांबून वाचण्यासारखी आहे. रोगी पोर्ट ऑगस्टा आणि त्याच्या आसपासच्या रुक्ष टापूंतले होते. तेथें नदी नाहीं. मरे नदीचें पाणी जमिनीवरून टाकलेल्या लोखंडी नळांतून शेंकडों किलोमीटर आणलें जाई; मॉर्गन-व्हायला हा मोठा नळ १९४४ त पुरा झाला होता. उन्हानें नळ तापत, पाणी तापे, मूळचा क्लोरीन वाटेंतच विरून जाई, आणि टोंकाच्या गांवीं मुलें त्या पाण्यांत खेळत. पाणी नसलेल्या मुलखाला पाणी देणें हें पुण्यकर्मच. पण पाण्याबरोबर आणखीही कांहीं प्रवास करीत होतें. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणीं क्लोरीन घालण्याची व्यवस्था झाली आणि १९८१ नंतर त्या प्रांतांत या रोगाचा मृत्यू झालेला नाहीं.

हें वाचतांना आमच्या डोळ्यांसमोर टेंभू आल्यावांचून राहिली नाहीं. कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी अडवून, पंपांनीं नळांतून टप्प्याटप्प्यानें वर चढवून, कालव्यांतून तें कडेगांव, खानापूर, आटपाडीच्या माळांवर आणलें आहे. ज्या ओढ्यांना आम्हीं लहानपणीं केवळ दगड पाहिले, त्यांना आज पाणी आहे, तलाव भरतात, ऊंस उभा राहतो. या योजनेविरुद्ध एक अक्षर लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांनीं दुष्काळांतले टँकर पाहिले नाहींत, त्यांनींच तसें लिहावें. परंतु भर उन्हाळ्यांत उथळ, सांचलेलें, तापलेलें पाणी आणि त्यांत डुंबणारीं मुलें हें दृश्य आमच्या पठाराला पूर्वीं जितकें दुर्मिळ होतें तितकें आतां राहिलेलें नाहीं, एवढें ध्यानांत घेतलें पाहिजे.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांला खरोखर अस्वस्थ केलें तिच्याकडे वळतों. फाउलर यांचा निबंध प्रसिद्ध झाल्यावर ठिकठिकाणच्या विकृतिशास्त्रज्ञांनीं आपापलीं कपाटें उघडलीं. अमेरिकेंत व्हर्जिनियांतील रिचमंड येथें जुन्या शवविच्छेदनांच्या हजारों नोंदी व त्यांच्याबरोबर राखलेल्या कांचपट्ट्या तपासल्या गेल्या; तेव्हां १९३७ सालीं मेलेल्या एका रोग्याच्या मेंदूंत हाच अमीबा दिसला. म्हणजे फाउलर यांच्या आधीं अठ्ठावीस वर्षें तो तेथें कांचेखालीं होता. पाहणाराला तो कोण हें ठाऊक नव्हतें, इतकेंच. त्याहून करुण प्रकार त्यावेळच्या चेकोस्लोव्हाकियांतला. उस्ती नाड लाबेम या गांवीं १९६२ पासून १९६५ पर्यंत सोळा तरुण मुलेंमुली अशाच तडकाफडकी आजारानें गेलीं होतीं. चेर्वा आणि नोवाक यांनीं राखलेले अवशेष पुनः तपासून १९६८ त दाखवून दिलें कीं सर्वांचें कारण एकच, आणि सर्वजण एकाच बंदिस्त, ऊन पाण्याच्या तलावांत पोहलेले. त्या तलावाची लांबी कमी करण्यासाठीं आंत एक खोटी भिंत घातलेली होती. तिच्या मागच्या पोकळींत अमीबा वाढत होता, हें पुढें उघडकीस आलें.

या मृतांना निदान मरणोत्तर न्याय मिळाला. तो मिळाला याचें कारण कोणा विद्वानाची प्रतिभा नव्हे. एका कारकुनाची, एका प्रयोगशाळेंतल्या मदतनिसाची शिस्त. मेंदूचा तुकडा कापला, मेणांत बसविला, त्याला अंक दिला, वहींत लिहिलें आणि तीस वर्षें तें कपाट कोणीं विकलें नाहीं. जुन्या बखरी आणि मोडी कागद वाण्याच्या पुड्यांतून वांचविणाऱ्या आमच्या संशोधकांना या शिस्तीची किंमत निराळी सांगावयास नको. कडेगांवचा तो मुलगा ‘मेंदूज्वर’ या एका शब्दांत संपला, आणि त्याचें कपाट नव्हतेंच.

हिंदुस्थानांत हें ज्ञान नव्हतें असें मात्र नाहीं. लखनौच्या मध्यवर्ती औषधी संशोधन संस्थेंत बैजनाथ सिंग हे मातींतील अमीबांचे जाणकार होते. तत्पूर्वीं इंग्लंडांत रॉथम्स्टेड येथें शेतजमिनींतील अमीबा कोणते जंतु खातात आणि कोणते टाकतात, यावर त्यांनीं काम केलें होतें. त्यांनीं आणि दास यांनीं १९७० सालीं याच प्राणघातक जातीला आपल्या परीनें नेग्लेरिया एरोबिया हें नांव दिलें. नांवांच्या शर्यतींत फाउलर यांचें टिकलें. १९७१ त कलकत्त्याच्या पॅन व घोष यांनीं दोन हिंदी मुलांच्या या रोगाची हकीकत आपल्या वैद्यकीय मासिकांत छापली. म्हणजे आमचा मित्र गेला त्याच्या अकरा वर्षें आधीं हें देशांत छापलेलें होतें. छापलेलें आणि पोंचलेलें यांतलें अंतर आमच्याकडे पोर्ट ऑगस्टाच्या नळापेक्षांही लांब असतें.

या कुळांतील इतरांचा उल्लेख ओझरता पुरे. अकॅन्थमीबा हा क्षीण प्रकृतीच्या माणसाच्या मेंदूंत आठवड्या-महिन्यांच्या सावकाशीनें शिरतो, आणि डोळ्याला कांच लावणाऱ्या निष्काळजी तरुणांचा डोळा नासवितो. बॅलमुथिया हा १९८६ त सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयांतील एका मॅन्ड्रिल माकडिणीच्या मेंदूंत प्रथम दिसला. त्याचें शास्त्रीय वर्णन १९९३ त करणाऱ्यांमध्यें गोविंद विश्वेश्वर हे भारतीय वंशाचे संशोधक प्रमुख होते. तोही मातींतलाच.

पोहणें हीच एक वाट असती तर प्रश्न सोपा होता. २००८ व २००९ या दोन वर्षांत कराचींत तेरा रोगी दगावले, आणि त्यांतले बहुतेक कोठेंही पोहावयास गेलेले नव्हते. १९३६ पर्यंत हें शहर आमच्याच मुंबई इलाख्यांत होतें. नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय गृहस्थाच्या नांवाची शाळा तेथें अजून आहे. तेथें संशय घरच्या नळाच्या पाण्यावर गेला. नमाजापूर्वींच्या वजूंत तें नाकांत ओढून घेतलें जातें. २०११ त अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत दोघे जण मेले, ते जलनेतीच्या भांड्यांत नळाचें पाणी घेतल्यामुळें. आमच्या मध्यम वर्गांत हल्लीं नेतीची झारी घरोघर दिसते, म्हणून हें मुद्दाम लिहितों. हठयोगप्रदीपिकेंतील नेति ही सुताची आहे, हा भेद पंडितांपुरता राहूं द्या; ज्याला पाण्यानें नाक धुवावयाचें त्यानें पाणी उकळून निववून घ्यावें. धर्माला किंवा योगाला यांत कोठें बाध येत नाहीं.

वहिनींचा प्रश्न अजून शिल्लकच आहे. विहीर बंद करावी काय? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नव्हे. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिंवतापाचा अहवाल दिला. शहरांतील विहिरींत वाढणारा एका विशिष्ट जातीचा डांस हें त्याचें कारण ठरलें, आणि विहिरी झांका नाहीं तर बुजवा असें सुरू झालें. पारशी, हिंदु, जैन या सर्वांनीं धर्माच्या कारणानें विरोध केला. चर्चगेटजवळची भिका बेहराम यांची १७२५ ची विहीर आजही उघडी आहे. बाकीच्या अनेक विहिरी गेल्या. दुसरी वाट नारूची. त्याची जिवंत दोरी पायांतून काडीवर गुंडाळून काढतांना आमच्या आजोबांच्या पिढीनें पाहिली होती. पायऱ्यांच्या विहिरींत रोगी उतरे, पाण्यांतील बारीक प्राण्याच्या पोटांत नारूची पिलें जात, आणि तें पाणी पिणाराच्या पोटांत ती पुढें वाढत. हें फेदचेंको या रशियन प्रवाशानें १८७० च्या सुमारास शोधून काढलें होतें. तरीही नारू गेला तो विहिरी बुजवून नव्हे. पायऱ्या बंद करून कठडा बांधला, पाणी फडक्यानें गाळून घ्यावयास शिकविलें, रोग्याला पाण्यांत उतरूं दिलें नाहीं. जोधपूर जिल्ह्यांत जुलै १९९६ मध्यें शेवटचा रोगी आढळला आणि २००० सालीं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पहिल्या वाटेनें रोगाबरोबर विहीरही गेली. दुसरीनें रोग गेला आणि विहीर राहिली. आमचा कल कोणीकडे, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

केरळांतही दुसरीच वाट चालली आहे. त्या राज्यांत पहिला रोगी २०१६ त आलप्पुळ येथें आढळला. पुढें वर्षाआड एखादा, असें चालतां चालतां २०२४ त छत्तीस रोगी आणि नऊ मृत्यू नोंदले गेले. २०२५ च्या सप्टेंबरापर्यंत रोग्यांची संख्या साठांवर गेली. वर्तमानपत्रांनीं हाहाकार केला. पण आंकडे वाढण्याचें एक कारण असें, कीं तेथील सरकारनें २०२४ च्या जुलैंत नियम घालून दिला: मेंदूज्वराच्या रोग्याच्या मणक्यांतील पाण्यांत अमीबा शोधावयाचा. शोधलें म्हणून सांपडला. त्यांतील पुष्कळसे अकॅन्थमीबासारख्या सावकाश मारणाऱ्या जातीचे निघाले, आणि लवकर ओळखले गेल्यामुळें बरेच वांचले. नेग्लेरियाचा स्वभाव याहून क्रूर आहे; अमेरिकेंत १९६२ पासून २०२४ पर्यंत नोंदलेल्या १६७ रोग्यांपैकीं अवघे चार जगले. भारतांत एक रोगी जगल्याची हकीकत २००२ त चंडीगढहून प्रसिद्ध झाली होती. २०२४ त कोळिकोडकडचा चौदा वर्षांचा एक मुलगा जगला. त्याच्या वडिलांनीं या रोगाविषयीं वाचलें होतें, आणि मुलगा तळ्यांत पोहला होता हें त्यांनीं डॉक्टरांना आपण होऊन सांगितलें. मिल्टेफोसीन हें औषध त्याला वेळेवर मिळालें. कर्करोगासाठीं जन्मलेलें व बिहारच्या काळा आजारावर नांवाजलेलें हें औषध असें फिरत फिरत येथें आलें.

शोधावयाला लागतें काय? ताजा थेंब, कांचेची पट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक. थेंब ऊबदार असला तर अमीबा डोळ्यांदेखत सरपटतो. तेंच पाणी बर्फाच्या कपाटांत ठेवून दुसऱ्या दिवशीं पाहिलें, तर तो निश्चल पडतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दींत पांढरी पेशी म्हणूनच मोजला जातो. १९८२ सालीं हें सर्व साहित्य आमच्या जिल्ह्यांत होतें. मिरजेस वॉनलेस यांचें रुग्णालय १८९४ पासून चालत आलें होतें. सूक्ष्मदर्शक तर प्रत्येक शास्त्रशाखेच्या महाविद्यालयांत होता. आमच्या महाविद्यालयांतल्या सूक्ष्मदर्शकाखालीं मुलें डबक्यांतलाच अमीबा पाहून चित्र काढीत होतीं.

वहिनींना आम्हीं जें सांगितलें तें येणेंप्रमाणें. विहीर बंद करूं नये. ज्या मुलाला पोहतां येत नाहीं तो कधीं ना कधीं कालव्यांत पडतो, आणि बुडून मरणारांपुढें या रोगाचे मृत्यू मोजण्याइतकेही नाहींत. रोज उपसा असलेल्या, भरपूर पाण्याच्या विहिरींत पोहावें. मे महिन्यांतल्या तळाला गेलेल्या कोमट पाण्यांत आणि माळावरच्या डबक्यांत मुळींच उतरूं नये. सूर मारतांना नाक चिमटींत धरावें, तळचा गाळ ढवळूं नये. मुलें उतरण्याच्या दिवसांत विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकावी. हजार लिटरला अडीच ग्रॅम हें प्रमाण आहे, म्हणजे वीस फूट रुंद व दहा फूट पाणी असलेल्या विहिरीला सुमारें सव्वादोनशें ग्रॅम. उन्हानें आणि गाळानें तिचा जोर लवकर उतरतो, म्हणून ती पुनः पुनः टाकावी लागते. आणि पोहल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत मुलाला ताप येऊन डोकें असह्य दुखूं लागलें, तर दवाखान्यांत पाऊल टाकतांच पहिलें वाक्य हें सांगावें, कीं हा पाण्यांत उतरला होता.

वहिनींनीं सर्व ऐकून घेतलें. मग हळूच म्हणाल्या, “त्या वेळीं तुम्ही सांगितलं होतं का हो डॉक्टरांना, दोघं रोज पोहत होतां म्हणून?”

आम्हीं सांगितलें नव्हतें. घरच्यांचा मार चुकविण्यासाठीं आम्ही दोघे शाळेच्या मैदानावर होतों, असें सांगितलें होतें. आणि तो गेल्यावरही पुष्कळ दिवस तेंच सांगत राहिलों. खरें सांगितलें असतें तरी त्या दवाखान्यांत त्याचा अर्थ कोणाला लागला असता असें वाटत नाहीं. पण लागला नसता, हें ठरविणें आमच्याकडे नव्हतें.

पुण्यास परतल्यावर पंधरा दिवसांनीं बंधूंचा फोन आला. कठडा दुरुस्त करून घेतला होता, आणि ब्लीचिंग पावडरसाठीं ग्रामपंचायतींत सांगून ठेविलें होतें. वहिनींनीं मध्येंच फोन घेऊन विचारलें, कीं पोहणारे लोक नाकाला लावतात तो चिमटा पुण्यांत कोठें मिळतो, आणि लहान मुलाच्या मापाचा मिळतो काय.